गळका गारवा

फ्रीज थंड करेनासा झाला की आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "गॅस गेला असेल." मेकॅनिक येतो, तोही तेच सांगतो, गॅस भरतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. गेली चाळीस वर्षं मी हे ऐकतोय आणि दर वेळी मला विचारावंसं वाटतं, की बाबा, गेला म्हणजे कुठे गेला? तो काय मोटारसायकलमधलं पेट्रोल आहे का, जळून संपायला? फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांत नुसता गोल गोल फिरत असतो. इकडे द्रव होतो, तिकडे वाफ होतो, पुन्हा द्रव होतो. कारखान्यात भरलेल्या मूळ गॅसवर पंचवीस-तीस वर्षं चाललेले फ्रीज मी स्वतः पाहिले आहेत. गॅस कमी झाला याचा अर्थ एवढाच, की कुठेतरी भोक आहे. आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

मग ही ओतत राहायची सवय आपल्याला लागली कशी? या प्रश्नाचा नाद मला लावला तो आमच्या धाकट्या चुलतभावाने. तो बरीच वर्षं न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये असतो आणि तिथे त्याने एक शिडाची बोट घेतली आहे. (खुटबावच्या माणसाने शिडाची बोट घेतली यावर गावात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. आमच्या तालुक्यात जास्तीत जास्त पाणी म्हणजे कालव्याचं आवर्तन, नाहीतर पावसाळ्यातली भीमा!) त्या बोटीवर एक छोटासा फ्रीज आहे आणि तो गळतोय. "दादा, चौदा महिन्यांत दोनदा गॅस भरला, तरी पुन्हा तेच," असा त्याचा फोन. घराण्यात रेफ्रिजरेशनचा आयटीआय केलेला मी एकटाच, त्यामुळे जगाच्या पाठीवर कुठल्याही नातेवाइकाचा फ्रीज बिघडला की फोन मलाच येतो. त्याच्या बोटीकडे येतोच, पण आधी जरा मागे जाऊ. कारण शिडाचं जहाज आणि गारवा यांचं नातं फार जुनं आहे, आणि गळतीचंही.

१८३३ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं शिडाचं जहाज निघालं. पोटात १८० टन बर्फ. तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून करवतीने कापलेला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. फ्रेडरिक ट्यूडर या माणसाचा तो धंदा. जहाज चार महिने समुद्रात होतं, विषुववृत्त दोनदा ओलांडलं, आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. म्हणजे जवळजवळ ८० टन गळून गेला. पण ही गळती कशी होती बघा: डोळ्यांना दिसत होती, जहाजाच्या तळाशी पाणी होऊन साचत होती आणि पंपाने उपसावी लागत होती. व्यापाऱ्याने ती हिशेबात धरलेलीच होती. भुसा किती घालायचा, गोणपाट कुठे लावायचं, हवा कुठून आत शिरते, सगळी अक्कल त्या गळतीभोवतीच फिरत होती.

पुढच्याच वर्षी, १८३४ साली, तो बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम दिलं, यजमान-पाहुण्यांना सर्दी झाली आणि 'मुंबई समाचार'ने त्यांना टोमणा मारला, की परदेशी वस्तूच्या नादी लागल्याची ही शिक्षा! फोर्टमध्ये आज जिथे के. आर. कामा प्राच्यविद्या संस्था आहे, तिथे या बर्फाचं घुमटाकार कोठार होतं. ते १९२०च्या दशकात पाडलं. मद्रासचं १८४२ सालचं कोठार मात्र अजून उभं आहे आणि त्याला विवेकानंदांचं नाव आहे.

भारतात हा तळ्यातला बर्फ यंत्राने बंद पाडला. १८७८ साली कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी निघाली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत बोस्टनचा बर्फ इकडे यायचा थांबला.

आता माझी आवडती गोष्ट. १८८२ साली न्यूझीलंडहून 'डनेडिन' नावाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन लंडनला निघालं. जहाज शिडाचंच, पण पोटात वाफेवर चालणारं गारव्याचं यंत्र. रोज सुमारे तीन टन कोळसा खाणारं! धुराड्यातून ठिणग्या उडायच्या आणि शिडांना आग लागायची. जवळजवळ ५,००० मेंढ्या-कोकरांचं मांस आत होतं. उष्ण कटिबंधात आल्यावर कॅप्टन व्हिटसनच्या लक्षात आलं, की गारवा सगळीकडे सारखा पोचत नाहीये. हा गडी स्वतः त्या हवेच्या बोगद्यात शिरला आणि करवतीने जादा भोकं पाडू लागला. थंडीने इतका आखडला की बाहेर येता येईना. शेवटी एका खलाशाने आत सरपटत जाऊन त्याच्या पायाला दोरी बांधली आणि त्याला ओढून काढलं. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोचलं तेव्हा एवढ्या मालातलं एकच धूड खराब निघालं होतं.

शिडाच्या जहाजावर कुणी रेफ्रिजरेशनचा बिघाड शोधून दुरुस्त केल्याची इतकी जुनी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. पण त्यात एक गंमत आहे. 'डनेडिन'वरच्या बेल-कोलमन यंत्रात गॅस म्हणून साधी हवाच वापरली होती. हवा दाबायची, निववायची, मग फुगू द्यायची की ती एकदम थंडगार होते. तीच सरळ मालावर सोडायची. गळती झाली तरी काय गळणार? हवाच! बाहेर हवी तेवढी आहे. कॅप्टनला भोक बुजवायचं नव्हतं, उलट पाडायचं होतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचा हेवा वाटतो.

पण हवेचं यंत्र फार कोळसा खायचं, म्हणून त्याच्या जागी अमोनिया आला. माझं उमेदवारीचं शिक्षण अमोनियाच्याच बर्फाच्या कारखान्यात झालं. आमच्या पुणे-दौंड लाइनीवर हडपसरला १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक सुरू झाली. तिचे अमोनिया कॉम्प्रेसर आम्ही तिथे खोलून जोडायला शिकलो. अमोनिया वाईट. डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो, जास्त झाला तर माणूस जातो. पण त्याचा एक मोठा गुण म्हणजे तो लपत नाही. थेंबभर सुटला तरी अख्ख्या शेडला कळतं. आमचे वस्ताद ओला टॉवेल नाकाला बांधून, वारा कुठून येतोय ते बघून आत जायचे आणि गंधकाची वात पेटवून एकेका जोडाजवळून फिरवायचे. जिथे गळती असेल तिथे दाट पांढरा धूर उठायचा. पाच मिनिटांत जागा सापडायची. "नुसता गॅस भरून टाका" असं कुणी म्हणत नसे, कारण तशा वासात उभं राहणंच शक्य नव्हतं.

घरगुती फ्रीज आले तेव्हा ही अडचण झाली. १९२०च्या दशकातल्या अमेरिका-युरोपातल्या फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड असायचा. दोन्ही विषारी. बर्लिनमध्ये फ्रीजच्या गळतीने एक अख्खं कुटुंब झोपेत गेल्याची बातमी आइन्स्टाइनने वाचली आणि तो लिओ झिलार्डबरोबर न गळणारा फ्रीज बनवायच्या मागे लागला. होय, तोच आइन्स्टाइन! फिरणारा दट्ट्या नको, सील नको, म्हणजे गळायला जागाच नको, असा त्यांचा विचार. १९३० साली त्यांना अमेरिकेत पेटंटही मिळालं. माझ्या मते तो विचार शंभर नंबरी होता: भोकच असू नये.

जगाने मात्र दुसरी वाट धरली. थॉमस मिजली आणि त्याच्या सोबत्यांनी १९२८ साली एक नवा गॅस शोधला. पुढे त्याचं नाव फ्रेऑन पडलं. १९३० साली मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीभर ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, वास नाही. लोक खूश! आणि माझ्या हिशेबाने गळतीकडे दुर्लक्ष करायची सवय त्याच दिवशी लागली. कारण आता गॅस सुटला तरी कुणाचे डोळे चुरचुरत नव्हते. गळती मुकी झाली. गॅस स्वस्त, भरायला दहा मिनिटं, आणि भोक शोधायला अर्धा दिवस. मेकॅनिकने काय करावं? गिऱ्हाइकालाही घाईच असायची. गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली. त्यानंतर हळूहळू घराघरांत फ्रीज आला आणि "गॅस गेला" हे वाक्यही त्याच्याबरोबर आलं.

मुक्या गळतीला बोलतं करायला मग अवजारं निघाली. हॅलाइड टॉर्च नावाचा एक दिवा होता. त्याच्या ज्योतीत तांब्याची चकती असायची, आणि फ्रेऑन लागला की निळी ज्योत हिरवी व्हायची. आम्ही तो खूप वापरला.

सगळ्यात मोठी गळती मात्र एका जहाजावरच सापडली. जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५७च्या सुमाराला फार संवेदनशील असा शोधक बनवला होता. १९७१ साली तो 'शॅकलटन' या संशोधन जहाजावर ठेवून त्याने इंग्लंडकडून पार दक्षिणेपर्यंतची हवा तपासली. भर समुद्रात, जिथे मैलोन्‌मैल ना फ्रीज ना हेअर स्प्रे, तिथेही याच कुळातला गॅस सापडला. म्हणजे तोवर जगभर जे काही "गेलं" होतं, ते कुठे गेलं याचं उत्तर मिळालं: कुठेच गेलं नव्हतं. सगळं वर हवेत तसंच होतं. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं, की हा गॅस वर जाऊन ओझोन खातो. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरचं ओझोनचं भगदाड जाहीर झालं. १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला, भारत त्यात १९९२ साली आला, आणि २०१०पर्यंत आपल्याकडे नव्या फ्रीजसाठी तो जुना गॅस बंद झाला. (सगळा दोष फ्रीजचा नव्हता. स्प्रेचे डबे आणि फोम यांचाही वाटा मोठा होता.) त्याच्या जागी आर-१३४ए आला. हा ओझोन खात नाही, पण तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट भारी आहे. आणि त्यालाही वास नाही!

तर हाच आर-१३४ए आमच्या भावाच्या बोटीत. किती? फक्त शंभर ग्रॅमच्या आसपास. हे लक्षात घ्या. घरच्या चहात आपण याहून जास्त साखर वापरतो. शंभरातले पंचवीस-तीस ग्रॅम गेले की फ्रीज लंगडा. मी त्याला व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बर्फाची प्लेट दाखवायला सांगितली. प्लेटच्या सुरुवातीच्या चार बोटांवर पांढरा बर्फ आणि पुढे सगळी कोरडी ठणठणीत. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू, बॅटरी सकाळपर्यंत झोपलेली. गॅस कमी असल्याचं इतकं स्वच्छ चित्र पुस्तकातसुद्धा नसतं.

"साबणाचं पाणी लावून बघितलं दादा, कुठेच बुडबुडा नाही," तो म्हणाला.

"मशीन चालू ठेवून बघितलंस ना?"

"हो, मग? गॅस फिरल्याशिवाय कसा दिसेल?"

इथेच गोम आहे, आणि ही चूक चांगले चांगले मेकॅनिक करतात. मशीन चालू असताना गार बाजूच्या नळीत दाब जवळजवळ नसतोच. प्लेट उणे २० अंशाला असेल तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम ४-५ पीएसआय जास्त. उणे २६च्या खाली गेलात तर उलट बाहेरची हवाच आत ओढली जाते. बुडबुडा येणार कुठून? मशीन बंद करा, प्लेटचं दार उघडं टाका, सगळं खोलीच्या उष्णतेला येऊ द्या. ३० अंशाला त्याच नळीत ९५-१०० पीएसआय दाब होतो. आता साबण लावा.

दुसरी खूण तेलाची. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल सगळीकडे फिरत असतं. गॅस उडून जातो, तेल भोकापाशी राहतं. आपल्याकडे त्यावर धूळ चिकटून काळा डाग दिसतो. बोटीवर धूळ नाही, म्हणून त्याला म्हटलं पांढरा टिश्यू पेपर घे आणि एकेक जोड पूस. आणि ज्या पिनच्या व्हॉल्व्हमधून दोनदा गॅस भरला त्याचं टोपण आहे का बघ. गॅस भरायच्या त्या तोंडातूनच गळती होते असं कितीतरी वेळा सापडतं. टोपण होतं. आतली रबरी रिंगही शाबूत.

जोड सगळे कोरडे निघाले. मग मी विचारलं, नळी कुठे कशाला टेकते का? फ्रीजच्या पेटीपासून कॉम्प्रेसरपर्यंत तांब्याची नळी एका लाकडी आडभिंतीतून जात होती, वर काळ्या फोमची बाही चढवलेली. "ती बाही काप," म्हटलं. तो नाखूश, चांगली बाही कशाला कापायची! कापली. आत खाऱ्या पाण्याने भिजलेली नळी, तिच्यावर हिरवा कळंक, आणि भोकाच्या कडेला घासून चकचकीत झालेला नखाएवढा पट्टा. टिश्यू लावला तर तेलाचा ठिपका. साबण लावला तर मिनिटभराने एक बुडबुडा. एकच. शिडाच्या बोटीत भिंत सतत कुरकुरते, हलते, आणि नळी घासत राहते. दोनदा आलेल्या मेकॅनिकने ती बाही उघडलीच नव्हती.

पुढचं काम मी त्याला स्वतः करू दिलं नाही. परवानगी असलेल्या माणसाकडून उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला. फायबरच्या बोटीत, शेजारी स्वयंपाकाचा गॅस असताना ज्योत पेटवायची नव्हती, म्हणून तेवढा तुकडा कापून दाबून बसवायचे जोड टाकले. नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला, काटा हलला नाही. मग व्हॅक्यूम, आणि शेवटी काट्यावर तोलून ग्रॅममध्ये गॅस. गेजकडे बघून अंदाजाने भरायचा प्रकार एवढ्या छोट्या मशीनला चालत नाही. भिंतीच्या भोकात रबराचं बूच बसवलं. प्लेटवर आता या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ आहे.

हे सगळं इतकं लांबवून सांगण्याचं कारण बोट नाही. बोटीवरचा फ्रीज बंद पडला तर बिअर कोमट होईल, फार तर मासे टाकून द्यावे लागतील. आमच्याकडे तेच भोक दुधाच्या कूलरला पडतं. आम्ही लहान होतो तेव्हा खुटबाव, केडगाव, यवतचं दूध पुण्याला जायचं ते शटलने. खिडक्यांना किटल्या लटकलेल्या, वर ओलं गोणपाट. गारवा नव्हता, नुसती घाई होती. आता गावोगाव बल्क कूलर आहेत. संध्याकाळचं दूध ४ अंशाला आणून ठेवलं की सकाळी टँकर नेतो. काही वर्षांमागे शेजारच्या एका गावात दोन हजार लिटरच्या कूलरला दर दोन महिन्यांनी गॅस भरला जायचा. केंद्रावरच्या वहीत "गॅस" म्हणून खर्च पडायचा, कुणी विचारायचं नाही. मे महिन्यात एका रात्री मशीन रात्रभर चाललं, दूध १२ अंशाच्या खाली गेलंच नाही. सकाळी टँकरवाल्याने घेतलं नाही. ते दूध ओढ्यात ओतलं. शंभरेक घरांचं होतं ते, आणि त्या दिवसाचा पैसा कुणाला मिळाला नाही. एका आजींच्या दोनच गायी होत्या. त्या रिकामी किटली घेऊन माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मशीन तुमचं आन् तोटा आमचा, आसं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशीन माझं नव्हतं हे खरं, पण ते सांगून काय उपयोग?

मला तिथे दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. मशीन बंद करून, तास-दीड तास थांबून साबण लावला. टाकीखाली नळीचा एक क्लॅम्प पडून गेलेला, नळी पायाच्या लोखंडी अँगलला घासत होती. भोक सुईच्या टोकाएवढं. क्लॅम्पची किंमत एका कपभर चहाएवढी.

तेव्हापासून मी ज्या कूलरला हात लावतो, त्याच्या अंगावर ऑइल पेंटने तारीख आणि भरलेल्या गॅसचं वजन लिहून ठेवतो. मोठ्या अक्षरात, दूध घालायला येणाऱ्या बाईमाणसालाही वाचता येईल असं. सेक्रेटरी लोकांना ते आवडत नाही, म्हणतात मशीन विद्रूप दिसतं. त्या गावातल्या कूलरवर पुढची दोन वर्षं एकच ओळ होती. मग दुसरी ओळ आली, तेव्हा मला कुणी फोन करायच्या आत त्या आजींच्या नातवाचा फोन आला: "काका, मशीनवर नवीन आकडा पडलाय. भोक कुठंय?"